मास्तरांच्या फाटकासमोरून

पायाला भिंगरी लागलीय म्हणतात ना, तशी ती लहानपणापासून. म्हणून शाळेतल्या कवायतीच्या मास्तरांनी तिचं नावच भिंगरी ठेवलं. आता पन्नाशी उलटली तरी गल्लीत तिचं खरं नाव कुणाला ठाऊक नाही. नवऱ्याला विचारलं तर तोही क्षणभर अडखळतो, असं लोक चेष्टेनं म्हणतात.

काय दिवस होते ते! सकाळी मैदानावर धुकं असायचं. मास्तर कानटोपी ओढून शिट्टी फुंकायचे आणि ही थोरल्या भावाच्या कापडी बुटांत धावायची. बूट मोठे, म्हणून पुढे कापूस कोंबलेला. मास्तरांची तऱ्हाच निराळी. शाबासकी द्यायची म्हटलं की त्यांच्या जिवावर यायचं. जिंकून आली तर म्हणायचे, "ठीक आहे. पण वळणावर खांदे का पाडलेस?" हरली तर मात्र हाताला धरून घरी न्यायचे आणि बायकोला सांगायचे, "हिला आधी पोटभर खायला घाल." मास्तरीणबाई ताट वाढायच्या आणि वर नवऱ्यालाच ओरडायच्या, "पोरीला पळवून पळवून काटकी केलीत!" त्यामुळे भिंगरीला जिंकण्यापेक्षा हरल्याच्या आठवणीच जास्त गोड लागतात.

लांब पल्ल्याच्या शर्यतींत तिची उमेदीची सगळी वर्षं गेली. टपाल कचेरीतली नोकरी धावण्यामुळेच लागली. लग्नही तसंच जमलं म्हणायचं. सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारा एक तरुण तिच्या सरावाच्या वेळी सायकलवरून मागे मागे यायचा आणि सायकल असूनही मागे पडायचा. "दमलात का?" असं तिनं एकदा वळून विचारलं, तिथेच सूत जुळलं.

मग गुडघा कुरकुरायला लागला. डॉक्टरांनी फोटो उजेडापुढे धरला, मान हलवली आणि म्हणाले, "बाई, लांब पल्ला आता विसरा. पोहा, सायकल चालवा. धावणं अगदी थोडं."

दारापर्यंत गेलेली भिंगरी परत वळली. "थोडं म्हणजे किती?"

त्या 'थोडं'वरच तिनं पुढचा संसार मांडला. ट्रायथलॉन नावाचा प्रकार तिनं टीव्हीवर पाहिला होता. आधी पोहायचं, मग सायकल हाणायची आणि शेवटी, अंगात त्राण उरलं तर, धावायचं. शेवटचं ते धावणं पदरात पडणार असेल तर आधीच्या दोन्ही गोष्टी मुकाट्यानं करायची तिची तयारी होती.

मोठ्या हौसेनं ती हे मास्तरांना सांगायला गेली. मास्तर भडकले. "एक ना धड, भाराभर चिंध्या! गुडघा गेला तर गेला, मानानं घरी बस. धावणं झेपेना म्हणून पाण्यात उडी मारायची? याला पळपुटेपणा म्हणतात. पळपुटी निघालीस तू!"

आयुष्यभर पळण्यावर जगलेल्या बाईला पळपुटी म्हणावं? शब्द वर्मी लागला. अर्धा चहा तसाच ठेवून ती उठली. मास्तर हट्टी आणि चेलीही त्यांचीच, मग माघार घेणार कोण? येणंजाणं तुटलं ते तुटलंच. मास्तरीणबाई वारल्या तेव्हा ती घरी गेली होती, पण दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलली नाहीत.

पोहण्याच्या तलावावर सुरुवातीला नुसती फजिती. शिकवणाऱ्या मुलीनं हातात फळी दिली आणि म्हणाली, "पाय मारा, ताई." भिंगरीनं जीव खाऊन पाय मारले, धावताना मारतात तसे. फळी हलेना. उलट बाई हळूहळू मागे सरकायला लागल्या! पलीकडची बारकी पोरं खिदळायला लागली. "ताई, पुढे जायचंय," शिक्षिका हसू दाबत म्हणाली. "धावणाऱ्यांचे घोटे ताठ असतात हो, पाणी उलटं ढकलतात. पाय माशाच्या शेपटीसारखे सैल सोडा." घरी येऊन तिनं हे सांगितलं, तेव्हा नवरा इतका हसला की त्याच्या हातातला पाना पायावर पडला. मग ती हसली.

पण शिकली. वयाच्या गटात तिला बक्षिसं मिळायला लागली, पेपरात फोटो आला. तरी प्रत्येक शर्यतीत तिची नजर गर्दीत एकाच माणसाला शोधायची. तो माणूस काही यायचा नाही.

आणि एका वर्षी गंमत झाली. इथल्या शर्यतीचा नेहमीचा रस्ता खणलेला होता, म्हणून धावण्याचा मार्ग बदलला आणि तो नेमका मास्तरांच्या गल्लीतून गेला. मास्तर रोज सकाळी फाटकापाशी खुर्ची टाकून बसतात हे तिला ठाऊक होतं. झालं! तिला एकच ध्यास लागला. त्या फाटकासमोरून धावत जायचं, ताठ मानेनं. बघू दे म्हाताऱ्याला, पळपुटी कोण ते.

पोहणं छान झालं. नवऱ्यानं रात्रंदिवस खपून तयार केलेली सायकल लोण्यासारखी पळाली. ती धावायला लागली आणि गल्लीच्या अलीकडच्या वळणावर गुडघ्यात अशी कळ उठली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. पाय टेकवेना. "दिलास ना दगा, मेल्या!" ती गुडघ्याला म्हणाली.

मागून संयोजकांची गाडी आली. "बसा ताई, सोडतो."

गाडीला काळ्या काचा होत्या. आत बसलं की फाटकासमोरून निघून जाता आलं असतं आणि मास्तरांना कळलंही नसतं. मोह झाला. खोटं कशाला बोला, चांगलाच झाला. तिनं दाराला हात लावला, मग काढून घेतला.

"नको. मी चालत जाते."

लंगडत लंगडत ती गल्लीत शिरली. बाकीचे स्पर्धक बाजूनं सुसाट जात होते. मास्तर खुर्चीत होते. त्यांनी पाहिलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

"चालतेय मी, मास्तर," ती फाटकासमोर येऊन म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "आज तुम्हाला धावून दाखवायचं होतं."

मास्तर काठी टेकत उठले, फाटक उघडलं आणि शर्यतीसाठी बांधलेल्या दोरीच्या अलीकडून, फुटपाथवरून तिच्याबरोबर चालायला लागले. पुढच्या चौकातला पंच शिट्टी वाजवत धावत आला. "आजोबा, स्पर्धकाबरोबर बाहेरच्यांनी धावायचं नसतं!"

"धावतोय?" मास्तर धापा टाकत म्हणाले. "अहो साहेब, जरा नीट बघा आमच्या दोघांकडे."

पंचानं दोघांकडे पाहिलं, डोकं खाजवलं आणि तो निघून गेला. भिंगरीला रडता रडता हसू आलं. जरा पुढे गेल्यावर बाजूची काठीची टकटक मागे पडू लागली, तशी ती वळली. मास्तर खांबाला धरून उभे होते.

"जरा हळू, पोरी," ते म्हणाले. "मला आधीच यायला फार उशीर झालाय."

भिंगरी थांबली. ते जवळ येईपर्यंत थांबली आणि मग दोघं मिळून चालायला लागली.