कानात न दिलेली अजान

सकाळी सव्वासहाला पाटसच्या स्टॉपवर कंपनीची बस थांबते. खिडकीशी बसून शर्टाचं वरचं बटण उगाच काढणारा आणि लावणारा माणूस दिसला, तर तो इनुस शेख समजावा. कुरकुंभच्या एमआयडीसीत एका औषधाच्या कारखान्यात तो बारा वर्षं बॉयलरवर आहे. बारा वर्षांत त्याच्या हातून एकही व्हॉल्व्ह चुकीचा फिरला नाही, आणि याचं श्रेय हुशारीला नाही, भीतीला आहे. घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून पाहील, गॅसचं बटण बंद केलं की परत येऊन हात लावून जाईल. असा घाबरट माणूस बॉयलरवर असला की साहेब लोक निवांत झोपतात. घरात बायको फरजाना वैतागते, ती गोष्ट वेगळी.

हा माणूस आयुष्यात एकच मोठं खोटं बोलला, आणि त्या एका शब्दानं चार वर्षं त्याला धड जेवू दिलं नाही.

त्याची मुलगी अल्फिया जन्मली, तेव्हा तो पहिल्या शिफ्टला होता. प्लांटमध्ये मोबाईल नेता येत नाही, ठिणगीची धास्ती. सगळ्यांचे फोन गेटवरच्या कप्प्यात. दुपारी तीनला फोन हातात आला, तर त्यावर सतरा मिस्ड कॉल. फरजानाला आठव्या महिन्यातच कळा आल्या होत्या. दौंडच्या दवाखान्यात मुलगी झाली होती आणि तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. मूल जगात आलं की त्याच्या उजव्या कानात अजान द्यायची, पहिला शब्द अल्लाच्या नावाचा पडावा म्हणून. शेखांच्या घरात ते काम बापाचं. त्यामुळे सगळे त्याच्यासाठी थांबले होते.

नर्सनं टोपी आणि मास्क चढवून त्याला दोन मिनिटांसाठी आत सोडलं. पेटीला हात घालायला गोल झरोके होते. तिथं तोंड न्यायचं आणि म्हणायचं, एवढंच होतं. पण इनुसची नजर त्या वीतभर जिवाच्या छातीवर खिळली. छाती वर जायची, मग खाली यायची, आणि मध्ये थोडी थांबायची. ती थांबली की इनुसचंही काळीज थांबायचं. तो श्वास मोजत राहिला. एकोणसाठ झाले आणि नर्सनं चला म्हणून हाक दिली.

बाहेर बाकावर शहाबानो, त्याची आई, तसबीहचे मणी ओढत जप करत बसली होती. तिनं एवढंच विचारलं, "अजान दिलीस का रं?"

"व्हय," इनुस म्हणाला.

उद्या देऊ, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. पण उद्या आत जायची पाळी फरजानाची. बाराव्या दिवशी पोर घरी आली ती पाहुण्यांच्या गराड्यात. तिच्या कानाशी वाकावं तर कुणीतरी विचारणार, आता कशाला? आणि खोटं उघडं पडणार. मौलानांना विचारावं तर ते दर जुम्म्याला शहाबानोच्या हातचा चहा प्यायला येणारे. असं करता करता महिना गेला, मग वर्ष गेलं. जितका उशीर होत गेला तितकी लाज वाढत गेली, आणि लाज वाढली तसा आणखी उशीर झाला.

त्यात संपतनं तेल ओतलं. संपत पाटसचाच, त्याच प्लांटमध्ये फिटर. देवळात जात नाही आणि न जाणारा माणूस म्हणून गावात ओळखला जातो, याचा त्याला कोण अभिमान. बसमध्ये त्याला रोज कुणाशी तरी वाद घालायला लागतो. एक दिवस त्यानं जाहीर केलं की कुठलंही पोर जन्मताना देव घेऊन येत नाही. "आपन त्येच्या कानात भरतो म्हून ते मानतं," तो म्हणाला. "कुनीच काय भरलं न्हाई, तर पोर देवाबिगरच मोठं हुतंय. न्हाई पटत तर तसं पोर आनून दाखवा." असं पोर कुठून आणणार, म्हणून सगळे हसले. इनुसच्या शर्टाचं बटण मात्र तुटून हातात आलं.

शहाबानोचं म्हणणं अगदी उलट. ती कवठे येमाईच्या वस्तीवर वाढलेली, शाळा तिसरीपर्यंत, पण या बाबतीत तिला तसूभर शंका नव्हती. पोर वरूनच ओळख घेऊन येतं, अजान नुसती आठवण करून देते, असं ती सांगायची. संपतचं खरं मानावं तर पोर कोरी राहणार. आईचं खरं मानावं तर आठवण करून देणाऱ्यानंच दगा दिलेला. दोन्हीकडून गुन्हेगार इनुसच.

मग तो मुलीवर पाळत ठेवू लागला. दुसरा शब्द नाही. ती झोपेत हसली की शेजारच्या कुशाबाई म्हणायच्या, सटवाई हसवते. शहाबानो म्हणायची, फरिश्ते खेळवतात. डॉक्टर म्हणाले, पोटात वारा धरत असेल. इनुसला तिघांचंही पटायचं आणि कुणाचंच पटायचं नाही. आजी नमाजला बसली की अल्फिया तिच्या पाठीवर घोडा घोडा करायची, बाप दारात उभा राहून बघायचा. बॉयलरच्या प्रेशरचा काटा जसा हात न लावता बघतात, तसा.

ती तीन वर्षांची झाली आणि प्रश्न विचारू लागली. एकदा मशिदीतून अजान आली तशी तिनं खेळ थांबवून विचारलं, हा माणूस कुणाला हाक मारतोय? आजी म्हणाली, आपल्याला. पोरीनं विचार केला आणि म्हणाली, "मंग आपन ओ का देत न्हाई?" शहाबानो पोट धरून हसली. इनुसनं ताट बाजूला सारलं. पोरीला ही हाक परकी वाटते, असाच अर्थ त्यानं घेतला.

आणि आता बिस्मिल्लाचा दिवस आला. मूल चार वर्षं, चार महिने, चार दिवसांचं झालं की मौलाना त्याला पहिल्यांदा बिस्मिल्ला म्हणायला लावतात, तिथून त्याचं शिक्षण सुरू. शिरूरहून मेहुणा अजीम बायकोपोरांसह आणि लाडवाचे दोन डबे घेऊन सकाळीच हजर. अल्फिया हिरव्या घागऱ्यात, मांडीवर नवी पाटी. इनुसनं आठ दिवस आधीपासून तिला एकदाही म्हणायला लावलं नव्हतं. नाही म्हणाली असती तर काय, ही भीती.

मौलाना प्रेमानं म्हणाले, "म्हणा बेटा, बिस्मिल्ला."

अल्फियानं ओठ घट्ट मिटले.

मौलाना पुन्हा म्हणाले. फरजानानं डोळ्यांनी दटावलं. अजीमच्या बायकोनं लाडू दाखवला. पोर ढिम्म. एवढी माणसं बघून चार वर्षांची कुठलीही पोर करते तेच ती करत होती, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं, एक इनुस सोडून. सगळा हिशेब आज इथं, सगळ्यांसमोर, चुकता होतोय असं त्याला वाटलं.

"तिची चूक न्हाई," तो उभा राहून म्हणाला. "मी तिच्या कानात अजान दिलीच न्हाई. अम्मी, मी तवा खोटं बोललो."

शहाबानोनं पदर नीट केला, त्याच्याकडे पाहिलं. आवाज न चढवता म्हणाली, "अल्लानं तिला काय कमी केलं नसतं. पर चार वर्सं माझ्या म्होरं बसून जेवलास, आन् येकदा बोलला न्हाईस." आणि तिनं तोंड भिंतीकडे वळवलं. आईनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

मौलाना शांत होते. अजान दिली नाही म्हणून पोर काही बेदीन, धर्माबाहेरची होत नाही, असं त्यांनी सांगितलं. मनाला टोचत असेल तर आता द्या, उशीर झाला एवढंच.

इनुस गुडघ्यावर बसला. अल्फियाच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता, आणि तो आपल्याला आजवर माहीतच नव्हता, हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं तिच्या उजव्या कानाशी तोंड नेलं. पहिला शब्द फुटला तोच कापरा. पोरगी गुदगुल्यांनी वळवळली, मग स्थिर झाली, शेवटपर्यंत. संपल्यावर तिनं मान वळवली, बापाचा चेहरा दोन्ही हातांत धरला, नाकाला नाक लागेल इतक्या जवळून त्याला न्याहाळलं. आणि पलीकडच्या खोलीतून द्यावी तशी मोठ्यानं ओ दिली.

बायका हसल्या. मौलानांनी बिस्मिल्ला म्हणवून घेतलं, तिनं तोडत तोडत म्हटलंही. अजीम म्हणाला, बघा, अजान लागू पडली. भिंतीकडे तोंड केलेल्या शहाबानोचे खांदे हलत होते. ती हसत होती की रडत होती, हे विचारायची इनुसची छाती नव्हती.

पोरीनं ती ओ वरच्याला दिली, असं लोक आजही सांगतात. इनुस मान डोलावतो. त्याला वेगळंच वाटतं. तिच्यात अल्ला आहे की नाही, हे बघण्यात त्यानं चार वर्षं घालवली होती. इतक्या जवळ जाऊन तिला हाक मात्र त्यानं त्या दिवशी पहिल्यांदाच मारली होती.