सेनापती, आडवा हो!

गल्लीच्या तोंडाशी गाद्यांचं दुकान होतं. त्याचा मालक इतका मऊ माणूस, की माल कुठे संपतो आणि नवरा कुठे सुरू होतो ते कळत नाही, असं त्याची बायको म्हणायची. त्या वर्षी सरहद्दीवर लढाई पेटली आणि शेजारच्या सलूनमधला टीव्ही दिवसभर बोंबलू लागला. सलून त्याच्या मेहुण्याचं. तोंडाला फेस लावलेली गिऱ्हाइकंसुद्धा आरशातल्या आरशात शत्रूवर चाल करून जायची.

एका दुपारी गादीवाल्याने टीव्हीवरच्या सेनापतीचे सुजलेले डोळे नीट न्याहाळले. "याची झोप झालेली नाही," तो म्हणाला.

"दाजी, तिकडे माणसं मरतायत!" मेहुणा म्हणाला.

"म्हणून तर म्हणतोय. रात्रभर कुशी बदलायच्या आणि सकाळी उठून हल्ला करायचा. पलीकडचाही तसलाच. यावर गाणं झालं पाहिजे."

मेहुण्याकडे इलेक्ट्रिक गिटार होती आणि ती घरात वाजवायला बंदी होती. तो लगेच तयार झाला. दुकानामागच्या खोलीत, कापसाच्या ढिगात बसून गादीवाल्याने गाणं रचलं:

सेनापती, आडवा हो!
बूट काढ, आडवा हो!
उद्याचं युद्ध उद्या बघू,
आधी जरा आडवा हो!

"रॉक गाण्यात चीड लागते, दाजी. हे आईने ओरडल्यासारखं झालंय."

"आईपेक्षा जास्त चीड कुणाला येते?"

ड्रम नव्हते. बायकोने दोन काठ्या घेतल्या आणि रचलेल्या गाद्यांवर असे दणके दिले, की दोघा पुरुषांना आपापले गुन्हे आठवले. कापूस उडायचा, गाणाऱ्या गादीवाल्याच्या तोंडात जायचा आणि प्रत्येक ओळ ठसक्याने संपायची.

गिटारचा आवाज कापसाने गिळला, पण दणके वरच्या मजल्यावर पोचले. तिथे राहणारे निवृत्त फौजीकाका कोपरांवर सरपटत दारात आले. "खाली पडा! तोफा!"

"काका, गाणं आहे हो."

काका उठले, धूळ झटकली आणि पुन्हा एकदा दणका ऐकला. "तोफ अशी वाजत नाही, सूनबाई. आधी पोटात गोळा येतो. मग आवाज. आणि मग कितीतरी वेळ काहीच ऐकू येत नाही." गादीवाल्याने तोंडातला कापूस काढला. मग काकाच म्हणाले, "माझ्यासाठी काही काम आहे का यात?"

काका सेनापती झाले. त्यांनी गादीवर उभं राहून "हल्ला!" ओरडायचं आणि शेवटी आडवं व्हायचं, असं ठरलं.

मेहुण्याने नगरपालिकेच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरवला, आणि त्या दिवशी हॉल भरला. दुसऱ्या कडव्यालाच काका पाठ टेकून बघावी म्हणून जरा आडवे झाले. आणि लागली की हो झोप! माइक छातीवर. हॉलभर घोरणं घुमलं. गिटार थांबली, काठ्या हवेत राहिल्या. लोक हसले, मग मागून कुणीतरी दटावलं, "श्श्! झोपू द्या त्यांना." आणि अख्खा हॉल गप्प बसून एका म्हाताऱ्याचं घोरणं ऐकत राहिला.

नंतर एका वार्ताहराने गादीवाल्याला गाठलं. "घोरण्याचा अर्थ काय? सरकार झोपलंय, असं म्हणायचंय का?"

"नाही हो," गादीवाला म्हणाला. "गादी चांगली आहे."

कुणी म्हणालं, हा फौजेचा अपमान आहे. त्यावर काका भर चौकात कडाडले, "अपमान कसला? लढाईवरून आल्यापासून मी पहिल्यांदा झोपलो!"

गाण्याने लढाई काही थांबली नाही. ती पुढे आपल्या मर्जीने थांबली. पण बोलावणी येऊ लागली, आणि सगळ्यांना हवं होतं ते घोरणं. पुढच्या गावी काका डोळे टक्क उघडे ठेवून पडले. खोटं घोरून पाहिलं, तर लोकांनी हुर्यो उडवली. शेवटी बायकोने काठ्या ठेवल्या, गादीच्या कडेला बसली आणि अंगाई म्हणू लागली. काका काही झोपले नाहीत. पहिल्या तीन रांगा मात्र झोपल्या. तेव्हापासून ती अंगाई गाण्यातच राहिली, आणि कार्यक्रम संपला की ही चौघं चपला हातात घेऊन हळूच मागच्या दाराने निघतात.