धोंड्याच्या महिन्यातली पॉलिसी

कोल्हापुरात गंगावेशीतल्या कट्ट्यावर संध्याकाळी दुधासाठी म्हशी आणून उभ्या करतात. त्यातली अगदी कडेची, एक शिंग वाकडं असलेली, ती बाळासोंची तांबी. गेली बावीस वर्षं मी देवळातून परतताना त्यांच्याकडूनच दूध घेते. बाळासोंची रीत ठरलेली. कास धुवायची, पहिली धार जमिनीवर सोडायची, मग गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत पेला भरायचा आणि पुढं करताना म्हणायचं, "बगा, मग प्या."

एकदा त्यांनी पेंड बदलली होती, तर दुधाला कसलासा वास यायला लागला. मी एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. दुसरा कोणी असता तर चार शब्द ऐकवले असते. बाळासोंनी पेला उचलला, कडेच्या कुत्रीपुढं ओतला आणि म्हणाले, "म्हशीचं न्हाय चुकलं बाई, माझं चुकलं. उद्या या." पैसे घेतले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी तोंडही वाकडं नव्हतं. असा हा माणूस. म्हशीशी तासभर बोलेल, माणसांशी मोजकं.

त्यांची एकुलती एक लेक राजनंदिनी माझ्या बालवाडीत होती. गेल्या माघात तिचं लग्न झालं, मलकापूरला दिली. जावई विश्वजित. मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि नुकतीच कुठल्याशा विमा कंपनीची एजन्सी घेतलेली. पोरगा सालस, पण बोलायला लागला की सगळं पाठ केल्यासारखं बोलतो.

यंदा अधिक महिना आला. आमच्याकडं त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. जावयाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे तेहतीस धोंडे द्यायचे आणि वर काहीतरी वाण. त्यातून लग्नानंतरचा पहिलाच धोंडा. बनाबाईंच्या, म्हणजे बाळासोंच्या बायकोच्या, मनात चांदीचा तांब्या होता. बाळासोंनी सरळ जावयालाच विचारलं, "पावणं, काय पायजे धोंड्याला?"

विश्वजित लाजला. म्हणाला, "मला काय नको मामा. तुमच्याच नावानं एक पॉलिसी काढा. माझं टार्गेट हुईल."

झालं. बाळासोंनी ऐकलं ते एवढंच, की जावयानं तोंडानं वाण मागितलं. तांबी आता म्हातारी झाली, म्हणून दुसऱ्या म्हशीसाठी पैसे बाजूला ठेवले होते, ते दिले. जावयानं जिथं बोट ठेवलं तिथं सह्या केल्या. आठवड्याभरात जाडजूड लखोटा घरी आला.

एक दिवस त्यांनी तो कट्ट्यावर आणला. प्लास्टिकच्या पिशवीत, वर हळदीकुंकू लावलेलं.

"बाई, ह्येच्यात काय लिवलंय वाचा की. आमच्या पावण्यांनी काढून दिलीया."

माझं शिक्षण मराठी शाळेत झालं, इंग्रजी मी बोट ठेवून वाचते. पिशवी घरी नेली, चष्मा पुसून दोन दिवस पॉलिसी वाचली, अडलं तिथं शेजारच्या अनुजाला विचारलं. ती कॉलेजात शिकवते. तिसऱ्या दिवशी कट्ट्यावर गेले आणि विचारलं, "बाळासो, हप्ता किती वेळा भरायचा, ठाऊक आहे का?"

"एकदाच की. वाण काय पुन्यांदा देत्यात व्हय?"

"दरवर्षी भरायचा. बारा वर्षं."

त्यांचा हात कासेवरच थांबला. तांबीनं मान वळवून बघितलं. मग हळूच म्हणाले, "म्हंजे दरसाल एक म्हस इकायची."

"पहिल्याच पानावर अजून एक लिहिलंय. पसंत नसेल तर कागद हातात पडल्यापासून तीस दिवसांत परत करता येतं. थोडंफार कापतात, बाकीचे पैसे परत देतात. तुमचे बारा दिवस गेलेत."

मला वाटलं, माणूस सुटकेचा श्वास टाकेल. उलट चेहरा आणखी उतरला. "न्हाय बाई. पोरीच्या घरी काय तोंड दावू? सासू म्हनंल, बापानं पयला धोंडा दिला आनि परत मागून घेतला. जलमभर ऐकावं लागंल तिला."

बनाबाई तर माझ्या दारात आल्या. "बाई, तुमी देवाधर्माच्या. तुमीच सांगा. दिल्यालं वाण परत घेत्यात? पाप न्हाय लागत?"

खरं सांगते, दिलेलं दान परत घेऊ नये हे मीही लहानपणापासून ऐकत आले आहे. त्या संध्याकाळी देवळात बसले तेव्हाही डोक्यात तेच. देवीपुढं एक बाई ओटी भरत होती. नारळ, खण, तांदूळ, सगळं देवीच्या पदरात. ते बघताना मला उमजलं, आणि तशीच उठून कट्ट्यावर गेले.

"बाळासो, वाण कुणाला देतात?"

"जावयाला."

"मग हे पैसे जावयाच्या ताटात गेले का? गेले कंपनीत. विश्वजितला त्यातलं चिमूटभर मिळालं असेल नसेल. तुम्ही वाण दिलंच नाही अजून."

त्यांनी तांबीचं दावं उगाच आवळलं.

"आणि परत करण्यात कमीपणा कसला? मी तुमचं दूध परत केलं होतं, तेव्हा तुम्हाला माझा राग आला होता?"

"राग कशाचा? वासच येत हुता त्येला."

"मग?"

त्यांनी धार काढायला सुरुवात केली. पेला भरला, माझ्याकडं दिला. "बगा, मग प्या" म्हणायचं त्या दिवशी विसरले.

विश्वजित दर बुधवारी कंपनीच्या कामाला कोल्हापुरात येतो आणि जाताना कट्ट्यावर थांबतो. त्या बुधवारी मी मुद्दामच जरा रेंगाळले. बाळासोंनी त्याला पेला दिला आणि तो निम्मा प्याला असेल-नसेल, तोवर यांनी तोफ डागली. मोजकं बोलणाऱ्या माणसाला गोड बोलणं जमत नाही.

"पावणं, ती पालिशी मला परत करायचीया."

विश्वजितचा चेहरा पडला. "का मामा? काय चुकलं माझं?"

"तुमचं न्हाय. माझंच. मी बगितलं न्हाय, आनि पिलो. मला वाटलं एकदाच भरायचं."

"मी सांगितलं हुतं की... म्हंजे..." तो अडखळला. मला वाटतं तेव्हा त्याला पहिल्यांदा जाणवलं, की आपण पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं, पण समोरच्याला कळलं का ते विचारलंच नाही. निम्मा पेला त्यानं कठड्यावर ठेवला, गाडीला किक मारली आणि गेला.

तीन दिवस मलकापूरहून फोन नाही. राजनंदिनीला केला तर ती म्हणायची, "कामात हाय, मग करते." बनाबाईंनी जेवण सोडलं नाही एवढंच. बाळासो कट्ट्यावर यायचे, पण तांबीशीही बोलायचे नाहीत. मी रोज देवीला सांगायची, आई, मी शहाणपणा केला, तू निस्तर. रविवारी धोंड्याचं जेवण ठरलं होतं, अधिकातला तो शेवटचाच रविवार. बनाबाई पहाटे पुरण शिजवायला बसल्या. बाळासो म्हणाले, "आलं न्हाईत तर?"

"तर तुमी खावा तेहतीसच्या तेहतीस," त्या म्हणाल्या. "पोटात मावतंय का बगू."

मला पुरण वाटायला बोलावलं होतं. साडेअकरा झाले, बारा झाले. बाळासो दारात उभे, खांद्यावर धुतलेला टॉवेल. साडेबाराला गाडीचा आवाज आला. राजनंदिनी मागच्या सीटवरून उतरली ती थेट आईच्या गळ्यात. विश्वजितच्या हातात एक कागद होता.

"मामा, फारम आणलाय. सगळा भरलाय, सही तेवढी पायजे. उद्या मीच शाखेत देतो."

"तुमचं टार्गेट वो पावणं?"

"जाऊ द्या. साहेब बोलत्याल चार दिवस." मग खाली बघत म्हणाला, "खरं तर आईच बोलली मला. म्हणाली, सासऱ्याच्या म्हशीवर टार्गेट करतोस व्हय रं?"

बनाबाईंनी पदर तोंडाला लावला. इतके दिवस ज्या विहीणबाईंची धास्ती घेतली होती, त्या अशा निघाल्या.

फॉर्मवर कारणाची एक ओळ होती, तेवढी कोरी. विश्वजितनं पेन पुढं केलं. "कारण तुमच्याच तोंडचं पायजे."

बाळासोंनी डोकं खाजवलं. "लिवा, न वाचता घेतली."

"असं लिवत न्हाईत मामा."

"मग खरं काय लिवत्यात?"

शेवटी विश्वजितनं लिहिलं, अटी मान्य नाहीत. बाळासोंनी सही केली, या वेळी मात्र आधी मला सगळं मोठ्यानं वाचायला लावून. मग जेवणं झाली. बनाबाईंनी तेहतीस धोंडे ताटात रचून दिले, वर तांब्या. चांदीचा नव्हता, तांब्याचाच होता, पण चिंचेनं घासून लखलखीत केलेला. विश्वजितनं दोन्ही हातांनी घेतला आणि वाकून सासूसासऱ्यांच्या पाया पडला.

पान खाता खाता म्हणाला, "मामा, बुधवारचा माझा निम्मा पेला ऱ्हायलाय. काडा की आता."

बाळासो इतक्या दिवसांनी हसले. "आता? भर दुपारी? तांबी म्हंजे काय नळ हाय व्हय, पावणं? संध्याकाळी या कट्ट्यावर."

मलकापूरला जायची घाई होती, दुकान होतं, सगळं होतं. तरी ते दोघं संध्याकाळपर्यंत थांबले.