वाटीभर मिठाचं वजन

"वाटी म्हंजे कोनती वाटी?"

कोणी स्वयंपाकाचं प्रमाण सांगितलं, की आमच्या शेजारचे नाना हे विचारणारच. जळगावात राहायला येण्याआधी त्यांची सारी हयात भडगावकडच्या एका जिनिंगमध्ये, कापसाच्या काट्यावर गेलेली. मापावर त्यांचा विश्वास नव्हता, वजनावर होता. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील; पण सांडगी मिरचीसुद्धा तोलून खाणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

त्यांच्या बायकोला, अक्कांना, अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला आणि बोलणं 'हा' आणि 'नही' एवढंच उरलं. नाना पहिल्यांदाच चुलीपुढे उभे राहिले. एक छोटा वजनकाटा घेऊन ते आमच्या दारात यायचे. "ताई, वाटीभर रवा द्या. खावाले नही, तोलाले." मग पोहे, मग बेसन. वाटी एकच, पण आकडा दर वेळी वेगळा. पोह्यांचं वजन पाहून ते खूश झाले. "हाऊ तर कापूस शे! सैल भरा का गाडी भरस, दाबी भरा का अर्धीच."

उन्हं तापायला लागली तशी घरोघरी बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, तयारी सुरू झाली. अक्कांचं जेवण तोवर दोन घासांवर आलं होतं. त्या भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या. नानांनी ज्वारी भिजवली, भरडली, तीळ-लसूण घालून बिबड्यांचा घाटा शिजवला; तो गरम गरम नुसताही खातात. मीठ मापायची वाटी अक्कांनीच डाव्या हाताने दाखवली होती. पण पहिला घास त्यांनी थुंकून टाकला. घाटा खारट झाला होता. मग अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरवून त्या काहीतरी सांगू लागल्या. नानांना वाटलं, गोळी हवी. त्यांनी रक्तदाबाची गोळी पुढे केली. अक्कांनी खाटेवर हात आपटला.

"काय मांगी राह्यनी, समजत नही," असं म्हणत ते माझ्याकडे आले. मी कैरीच्या लोणच्याची तयारी करत होते. परातीतलं खडे मीठ त्यांनी सहज चिमटीत धरलं, फिरवलं आणि तसेच थांबले.

"ताई... ती हाई सांगे!"

अक्कांची वाटी खडे मिठाची होती, नानांनी ती बारीक मिठाने भरली होती. लगेच काटा आला. वाटीभर खडे मीठ, मग वाटीभर बारीक मीठ. बारीक मिठाचा आकडा बराच वर गेला. खड्यांच्या फटीत नुसती हवा होती. नानांनी खड्यांच्या वजनाइतकं बारीक मीठ तोलून घेतलं आणि नवा घाटा रांधला. वरून तेल घालून वाटी पुढे केली. अक्कांनी ती संपवली आणि पुन्हा पुढे धरली. "हा."

आता दोघं धुळ्याला मुलीकडे असतात. मला मात्र त्याच उन्हाळ्यातली गच्चीवरची एक सकाळ आठवते. अक्का खुर्चीत बसल्या होत्या. नाना ओल्या धोतरावर घाटा थापत होते.

"जाड," मागून आवाज आला.

नानांचा हात थांबला. "काय म्हननी?"

"जाड शे."

आजारपणानंतर 'हा' आणि 'नही' सोडून अक्का पहिल्यांदाच काही बोलल्या होत्या. नानांनी माझ्याकडे पाहिलं, मान खाली घातली, आणि पुढचं बिबडं मुद्दाम आणखी जाड थापलं.