छाती दाबण्यासाठी लेखी परवानगी

तेलंगणातल्या बेला गावी कचेरीसमोर टेबल टाकून मी आयुष्यभर लोकांचे अर्ज लिहिले. माझ्या लेखणीने कित्येकांचे बांध जागेवर आले, वारसांच्या नोंदी झाल्या, आणि कागदोपत्री मेलेला एक इसम कागदोपत्रीच पुन्हा जिवंत झाला. जिवंत माणसाला जिवंत ठेवण्याचे काम मात्र अंगावर आले नव्हते. ते गेल्या उन्हाळ्यात आले.

आदिलाबादच्या डॉक्टरांनी पत्नीला तपासून सांगितले की, हृदय दुबळे आहे, अचानक थांबू शकते. तुमच्या गावी अँब्युलन्स पोचेपर्यंत घरात कोणाला तरी छाती दाबता आली पाहिजे. हे शिकवतात कुठे, असे मी विचारले. "मोबाइलवर बघा," एवढे बोलून त्यांनी पुढच्या रुग्णाला हाक मारली. त्यांच्याविरुद्धच्या तक्रारीचा मसुदा मी परतीच्या बसमध्येच पूर्ण केला.

मोबाइलवर पाहिले. एक वर्ग हैदराबादेत होता, तीन दिवसांचा. त्याच्या फीमध्ये बरी दुभती शेळी आली असती. दुसरा वर्ग स्वस्त होता आणि अर्ध्या तासाचा होता, पण त्यात कोणाच्याही छातीला हात न लावता प्रमाणपत्र मिळत होते. असले प्रमाणपत्र मी घरबसल्या तयार केले असते, आणि शिक्काही अधिक गोल उमटवला असता.

मग मी चार कचेऱ्यांना पत्रे लिहिली. जगण्याचा हक्क देणाऱ्या एकविसाव्या अनुच्छेदाचा हवाला दिला. तीन कचेऱ्या गप्प राहिल्या. चौथीने तेलुगूत कळवले की, आपला अर्ज संबंधित कचेरीकडे वर्ग केला आहे. संबंधित कचेरी म्हणजे गप्प बसलेल्यांपैकी पहिली.

"अवो, तुमचा अर्ज फिरून येईपर्यंत मी वर जाऊन हजेरी लावीन," पत्नी म्हणाली. "दवाखान्यातल्या सिस्टरले काऊन नाई विचारत? दोन गल्ल्या सोडून तर हाय."

तो सरकारी दवाखाना उशिरा उघडतो, अशी तक्रार मी दोनदा केली होती, हे कारण मी तिला सांगितले नाही. गेलो. सिस्टरने मला ओळखले आणि तरीही बसायला खुर्ची दिली.

"दोन तासांत शिकवते, बाबा. पैसे कायचे? पन दाबाची बाहुली नाई आपल्याकडं. घरून कायतरी आना."

मी कापसाचे पोते नेले. आमच्याकडच्या माणसाला दाबणे शिकवावे लागत नाही, असा माझा समज होता. गाडीत उभे राहून कापूस तुडवत आम्ही वाढलो. जितका बसेल तितका बसवायचा आणि वरून भार काढायचा नाही, हे पायांनाच ठाऊक असते. मी पोत्याशेजारी गुडघे टेकले, तळहातावर तळहात ठेवला आणि सर्व वजनानिशी दाबून धरले.

"बाबा, टेम्पो भरून राह्यले का तुमी?" सिस्टर म्हणाली. "दाबा आन सोडा. छाती परत वर आली पायजे, नाई तं हृदयात रगत भरन कसं?"

कापूस काही वर येईना. शेवटी तिने अडगळीतून मोटारसायकलची जुनी सीट आणली आणि जमिनीवर ठेवली. बाजेवर दाबायचे नाही, दोऱ्या खाली जातात आणि छाती तशीच राहते. माणसाला आधी खाली घ्यायचे, हे तिने दोनदा बजावले. दोन इंच खोल, सेकंदाला जवळजवळ दोनदा. दोन मिनिटांत माझीच छाती कोणीतरी दाबावी, अशी माझी अवस्था झाली.

"एकट्याचं काम नाई हे," ती म्हणाली. "घडीघडी हात बदलावा लागते. घरी दुसरं कोन हाय?"

घरी दुसरे कोणी नाही. शेजारी मात्र आहे. तो टेम्पोत कापूस भरतो आणि त्याचे दंड माझ्या मांडीएवढे आहेत. त्याच्या आणि माझ्या अंगणांमधल्या भिंतीत एक वाट होती. त्याच्या शेळीने माझ्या जुन्या फायली खाल्ल्या म्हणून मी दावा लावला, जिंकला, त्याने माझ्या अंगणात पाय ठेवू नये असा हुकूम मिळवला आणि ती वाट विटांनी बुजवली. तेव्हापासून त्याच्या घरून माझ्या दारी यायचे तर मारुतीच्या देवळाला वळसा पडतो. घड्याळ लावून मी तो वळसा चाललो. थांबलेले हृदय तेवढी सवड देत नाही.

"काका, समन्स आनलं का?" त्याने ओट्यावरूनच विचारले.

"नाही. विनंती आहे."

"तुमी, आन विनंती? बसा, पानी प्या आधी."

त्याने सारे ऐकून घेतले. "काकीसाठी कवाबी यीन. पन हुकूम हाय ना, तुमच्या अंगनात पाय नाई टाकाचा. मी छाती दाबत बसलो आन तुमीच केस ठोकली तं?"

प्रश्न अपमानास्पद होता, आणि योग्य होता. पूर्वी मी ठोकली असती.

घरी येऊन मी परवानगी लिहिली: सदर इसमास आपत्प्रसंगी माझ्या अंगणात व घरात प्रवेश करण्याची, गरज पडल्यास दार तोडण्याची, आणि माझ्या पत्नीची छाती दोन इंच खोलीपर्यंत दाबण्याची मुभा राहील, बरगडी मोडल्यास त्याबद्दल दावा चालणार नाही.

पत्नीने चष्मा लावून वाचले. "छाती माझी आन सही तुमची?" तिने माझे नाव खोडले आणि खाली स्वतः सही केली. पस्तीस वर्षांत माझ्या मसुद्यातील एवढी ठळक चूक कोणी दाखवली नव्हती.

शेजारी दवाखान्यात जाऊन शिकून आला. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, असे सिस्टरने मला मुद्दाम कळवले. परवानगीची घडी त्याने खिशात ठेवली आणि म्हणाला, "कागद तं झाला, काका. पन तो दाखवला म्हनून भिंत थोडीच बाजूला सरकनार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहार घेतली आणि कोर्टाच्या जोरावर लावलेल्या विटा एकेक करून काढू लागलो. तो पलीकडून काढत होता. पत्नी पायरीवर बसून देखरेख करत होती. मी वाकून पार जाईन एवढी फट झाल्यावर मी पहार खाली ठेवली.

"अजून चार काढा," ती म्हणाली. "तुमच्या मापाची काय करता? यायचं त्याले हाय."

चार काढल्या. त्याच्या आधी त्याची शेळी आत आली, आणि मी फायली उचलून माळ्यावर ठेवल्या.