बारूदघरातला राजा

बारूदघराच्या भिंतींना तणस बांधायची अक्कल माझी.

दुसऱ्या महायुद्धात फौजेनं गावाबाहेर बांधलेलं ते बॉम्बगोळ्यांचं कोठार. भिंती अशा जाड, की आत वाघानं डरकाळी फोडली तर बाहेर मांजर ऐकू यावं. आम्हा हौशी नाटकवाल्यांना ते दंडारीच्या नाचगाण्याच्या खेळांना, तालमींना हवं होतं. ग्रामपंचायतीतल्या काहींना धानाच्या गोदामाला. शेवटी सरपंचबाईंनी निकाल दिला, “मंडईच्या जत्रेच्या दिवशी आतमंदी नाटक करून दाखवा. लोक शेवटपर्यंत बसले तं बारूदघर तुमचं. उठले तं धानाचं.”

अडचण एकच. आवाज घुमायचा. एकदा ‘प्रधानजी’ म्हटलं की छतातून आणखी चार प्रधानजी उतरायचे. शहरात म्हणे यासाठी भिंतींना महागड्या गाद्या लावतात. मी नुकत्याच निघालेल्या धानाचं तणस लावलं. पेंढ्यांवर पेंढ्या, आणि काटकसर म्हणून सगळ्या एकाच दोरात ओवलेल्या. घुमणं बंद! मी स्वतःला इंजिनिअर समजू लागलो.

मंडईच्या संध्याकाळी कोठार खच्चून भरलं. गर्मी होते म्हणून मागचं दार उघडं ठेवलं. मी राजा. मुकुट पुठ्ठ्याचा, ऐट अस्सल. “माझ्या हुकमाशिवाय या राज्यात पान हलत नाही!” मी गरजलो. लोक हसले. मला वाटलं, दाद आहे. आणखी जोरात गरजलो.

प्रधान झालेला माझा मित्र ओठ न हलवता पुटपुटला, “महाराज, मागं म्हैस खाऊन राहिली.”

“काय खाऊन राहिली?”

“भिंत.”

“अगा, हे तं माही म्हैस होय!” पहिल्या रांगेतून सरपंचबाई ओरडल्या.

म्हशीनं आणखी एक पेंढी ओढली आणि दोर तुटला. सगळी तणसाची भिंत दरबारावर कोसळली. राजा कमरेपर्यंत तणसात. “हाकला तिला!” मी किंचाळलो. भिंती उघड्या पडल्या तसं छतही लागलं ओरडायला, “हाकला, हाकला, हाकला!” पण हाकलतो कोण? सगळे पोट धरून बसलेले. बाहेरचेही आत घुसले. उरलेलं नाटक आम्ही तणस तुडवत केलं. म्हैस सिंहासनाशेजारी रवंथ करत उभी.

पडदा पडला. सरपंचबाई डोळे पुसत आल्या. “घ्या भाऊ, बारूदघर तुमचं. एक मानूस उठला नाही.”

मी मुकुट सावरून विनयानं म्हणालो, “कलेची कदर केलीत, बाई.”

“कायची कला? तुमच्यासाठी कोन बसते? लोक म्हैस पाहून राहिले होते.”