आज रंग काय आला?

आक्काशी माझं शेवटचं बोलणं झालंच नाही. म्हणजे मी तिच्या उशाशी बसून संत्रं सोलत होते, आणि ती बोलली ते फोनवर, फरहीनशी. फरहीन तिच्या प्रयोगशाळेतली सहकारी. रोज संध्याकाळी यंत्र थंड झालं की तिचा फोन यायचा आणि आक्का एकच विचारायची, "आज रंग काय आला?" आता आक्काला फोन कानाशी धरवत नव्हता, म्हणून मी तो स्पीकरवर ठेवला होता. पलीकडून आवाज आला, "भूराच आया, मॅडम." म्हणजे तपकिरीच. आक्काने बरं म्हटलं, तुकडा ठेव म्हटलं, आणि भिंतीकडे तोंड केलं. मी पुढे केलेली फोड माझ्याच हातात राहिली. त्यानंतर ती कोणाशी बोलली नाही, आणि गेली. भेटायला येणारे म्हणतात, सुटली बिचारी... कशातून सुटली? तिला सुटायचं नव्हतं. तिला एक पांढरा तुकडा बघायचा होता.

आमचे बाबा नांदेडकडून नोकरीसाठी इकडे आले आणि गौलीगुड्याच्या मोहल्ल्यात राहिले. आक्का शाळेत असताना सुलतान बाजारात तिचा पाय बसखाली आला. नडगीत पोलादी प्लेट घालून स्क्रूंनी आवळली. हाड जुळल्यावर ती काढायला पाय पुन्हा उघडला, तर हाड स्क्रूंवर चढून बसलेलं. डॉक्टरांनी आहे तसं शिवून टाकलं. थंडीत प्लेट ठणकायची. आई तेल कोमट करून चोळायची आणि आक्का दात आवळून अभ्यास करायची. ती डॉक्टर होईल असं सगळ्यांना वाटायचं, झाली रसायनवाली. हाड धरून ठेवील आणि काम संपलं की अंगातच विरून जाईल असा स्क्रू तिला करायचा होता. एका पोरीला दोनदा फाडायचं नाही, एवढंच तिचं म्हणणं.

मला कळलं ते असं. मक्यापासून केलेलं एक प्लास्टिक असतं, ते शरीरात सावकाश विरतं. एका खास काचेची भुकटी असते, तिच्यावर हाड धरतं. दोघंही स्वभावाने गरीब. पण एकत्र वितळवले की ती काच प्लास्टिकला आतून तोडायला लागते. शरीरात हळूहळू जे व्हायचं ते यंत्रातच होऊन जातं, आणि बाहेर येतो तपकिरी, ठिसूळ गोळा. आच कमी केली तर साच्यात उतरत नाही, वाढवली तर करपतं. ओल काढून पाहिली, भुकटी बारीक-जाड करून पाहिली. मी चिडवायची, आपल्यात पत्रिका बघत नसले तरी या जोडप्याची एकदा बघ बाई. आधी ती हसायची. पुढे हसेनाशी झाली. घरी आली की पर्समधून त्या दिवशीचा तुकडा काढायची, बोटांनी दाबायची, तो पापडासारखा मोडला की स्वयंपाकघरातल्या एका स्टीलच्या डब्यात टाकायची.

आजाराचं निदान झालं आणि तिची घाई सुरू झाली. केमो झाली की उलट्या थांबायच्या आत प्रयोगशाळेत. आणि एके दिवशी पांढरा आला. दुधासारखा, काही केल्या मोडेना. तिने तो घरी आणून बुद्धमूर्तीसमोर ठेवला. बाबांनी खुबानीचा मिठा, म्हणजे जर्दाळूचं गोड, आणलं, आणि तोंडाला चव नसताना आक्काने ते दोनदा मागून घेतलं. सकाळी तपासणी होती. तुकडा भट्टीत जाळायचा. प्लास्टिक जळून जातं, काच तेवढी वाटीत उरते. तिला एकटीला सोडवत नव्हतं म्हणून मीही गेले. वाटी बाहेर आली ती रिकामी. भुकटी यंत्राच्या तोंडाशीच गठ्ठा होऊन अडकली होती, आत गेलीच नव्हती. पांढरं आलं ते नुसतं प्लास्टिक. रंगाच्या आनंदात तिकडे कोणी पाहिलंच नाही.

आक्का वाटी उजेडात तिरकी धरून बघत राहिली. "काहीच उरलं नाही गं," म्हणाली... आणि रडली. पाय फाडला तेव्हाही ती रडली नव्हती, असं आई सांगायची.

अस्थी आणायला मीच गेले. तिथल्या माणसाने राख सारली, हाडांचे तुकडे मडक्यात घातले, आणि मग माझ्या ओंजळीत वेगळं काहीतरी ठेवलं. प्लेट. तिच्यासोबतचे सगळे स्क्रू. थोडे काळवंडलेले, बाकी धड. आक्काचं हाड चिमटीत चुरत होतं, आणि हे तसंच. मला इतका राग आला की ते फेकून द्यावंसं वाटलं. कुणावर फेकायचं ते कळेना, म्हणून पदरात बांधून आणलं.

गेल्या आठवड्यात फरहीन घरी आली. मला ती बाजी म्हणते, म्हणजे ताई. मी प्लेट तिच्या हातात दिली. तिने ती उलटीसुलटी केली, एक स्क्रू बोटांत फिरवून पाहिला.

"येच नहीं रहना था ना, बाजी," ती म्हणाली.

प्लेट आता स्टीलच्या डब्यात आहे, भुऱ्या तुकड्यांवर. फरहीनचा फोन अजून येतो, संध्याकाळी, यंत्र थंड झाल्यावर. मी रंग विचारत नाही. ती सांगते.